सहा दिवसांच्या लेकराचा धर्म

प्रांजलीचं पत्र आषाढात आलं होतं. फाल्गुन लागला तरी राधाकिसन गुरुजींनी त्याचं उत्तर धाडलं नव्हतं.

पत्र म्हणजे वहीचं एक फाडलेलं पान. घडीवर घडी बसून ते मधोमध विरलं होतं, तरी गुरुजींना त्याची गरज राहिली नव्हती, कारण त्यातला शब्द न् शब्द त्यांना पाठ होता. मुलीनं लिहिलं होतं: "बाबा, फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि मला हे बोलता येणार नाही, म्हणून लिहिते. बाळ सहा दिवस काचेच्या पेटीत होतं. मी त्याला दोनदाच पाहिलं. पुरताना मी नव्हते. नाव ठेवायचं राहून गेलं. परवा नळावर एक बाई म्हणाली, लेकरू ना आईच्या धर्माचं झालं ना बापाच्या, आता त्याला पदरात कोण घेईल. मी तिला काही बोलले नाही, कारण मला उत्तर माहीत नाही. तुम्ही सगळे धर्म वाचलेत. त्याला कोणत्या धर्मात जागा आहे तेवढं लिहून कळवा. ज्या धर्मात असेल तो मी धरीन. दुसरं काही नको."

मंठ्याच्या शाळेत गुरुजींनी एकतीस वर्षं इतिहास शिकवला होता. माणूस अबोल, पण वाचनाचं वेड जबर. नवीन जालन्यात स्टेशनाजवळ रद्दीची दुकानं आहेत. महिन्याकाठी एकदा तिथं जायचं, किलोच्या भावानं पुस्तकं पिशवीत भरायची आणि संध्याकाळच्या एसटीनं परतायचं, हा त्यांचा नेम. त्यातही धर्मावरचं पुस्तक दिसलं की त्यांचा हात आपोआप पुढं व्हायचा. हिंदू, बौद्ध, जैन, इस्लाम, ख्रिस्ती, शीख, यहुदी, काही सोडलं नव्हतं. कॉलेजवाले दरवर्षी सर्वधर्मांवर व्याख्यानाला बोलवायचे. गुरुजी रात्र रात्र जागून वीस पानं लिहायचे, ऐन दिवशी त्यांच्या घशाला कोरड पडायची, आणि ती पानं दुसराच कुणी वाचून दाखवायचा. टाळ्या पडायच्या तेव्हा गुरुजी शेवटच्या बाकावर खाली मान घालून बसलेले असायचे.

चार वर्षांपूर्वी याच प्रांजलीनं संघपालशी लग्न ठरवलं. मुलगा अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. वडील अप्पाराव निवृत्त शिक्षक, घर बौद्ध. गुरुजींचे धाकटे भाऊ गोरक्षनाथ ओसरीवर येऊन म्हणाले होते की, आपण धनगराची माणसं, या लग्नाला गेलात तर आमच्या दारात पाऊल टाकू नका. कोणत्या धर्मातल्या कोणत्या थोर माणसानं कुणाच्या हातचं खाल्लं हे गुरुजींना तारखेनिशी माहीत होतं. पण त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. लग्नाच्या दिवशी ते चष्मा पुसत घरीच बसून राहिले. गोपिकाबाई तेवढ्या एकट्या एसटीनं जालन्याला गेल्या, रजिस्ट्रारच्या कचेरीत साक्षीदाराची सही करता येत नाही म्हणून अंगठा उठवला आणि संध्याकाळी परत येऊन भाकरी थापायला बसल्या.

पत्र आलं त्याच दिवशी गुरुजींनी कागद घेतला होता. 'चि. प्रांजलीस अनेक उत्तम आशीर्वाद' एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. मुलीनं साधासुधा प्रश्न विचारला नव्हता. आपण जो धर्म लिहू तो ती खरोखर धरणार. चुकीचं लिहिलं गेलं तर? अर्धवट वाचून लिहिलं तर? आधी सगळं एकदा पडताळून पाहू, मग लिहू, असं त्यांनी ठरवलं. मोठी फुलस्केप वही आणली आणि तिच्यात रकाने आखले. पहिला रकाना धर्माच्या नावाचा, दुसरा लहान लेकराविषयी तो धर्म काय म्हणतो याचा. तिसरा रकाना त्यांनी आखला नव्हता. तो आपोआप तयार झाला. दुसऱ्या रकान्यात काही लिहिलं की त्यापुढं 'पण' यायचं, आणि त्या 'पण'ला जागा लागायची. गुरुजींनी त्याला नाव दिलं, 'अट'.

हिंदू शास्त्र सांगत होतं की दात येण्याआधी गेलेल्या लेकराला अग्नी नाही, पिंड नाही. पुरायचं आणि अंघोळ करून मोकळं व्हायचं. वाचून गुरुजींना बरं वाटलं, लेकराला कशाचीच गरज नाही म्हणून विधी नाहीत. मग तेच वाक्य उलटं दिसू लागलं, विधी नाहीत म्हणजे त्याची कुणी दखलच घेतली नाही. पुढं पुनर्जन्म होता, पण तो कर्माप्रमाणं. काचेच्या पेटीत सहा दिवस श्वास ओढणाऱ्या जिवाचं कर्म ते कोणतं? जैनांच्या मताप्रमाणं जीव क्षणभरात दुसरीकडं जन्म घेतो. म्हणजे आईचे डोळे पुसून व्हायच्या आत लेकरू दुसऱ्या कुणाचं झालेलं असतं. हे आईला कसं लिहावं? बौद्ध विचारात जाणारा असा कुणी कायमचा नाहीच. आणि संघपालच्या घरी तर आत्मा-पुनर्जन्म मानतच नव्हते. विचार म्हणून गुरुजींना तो सगळ्यांत स्वच्छ वाटायचा. पण 'तुझं लेकरू कुठंच गेलेलं नाही, कारण जाणारा कुणी नसतो' हे वाक्य चार वेळा लिहून त्यांनी चारही वेळा खोडलं.

इस्लाममध्ये अजाण लेकराला हिशेब नाही, ते थेट जन्नतीत जातं आणि आईबापांचा हात धरून त्यांनाही आत ओढतं, असं वाचलं त्या दिवशी गुरुजी उठून अंगणात फेऱ्या मारत राहिले. मग दुसऱ्या पुस्तकात निघालं की आईबाप त्या धर्माचे नसतील तर काय, यावर जाणत्यांत मतं वेगवेगळी आहेत. अट. ख्रिस्ती लोकांत कित्येक शतकं असं मानणारे होते की बाप्तिस्मा न झालेलं लेकरू स्वर्गाच्या उंबरठ्यावरच राहतं, ना दुःख ना देवदर्शन. पुढं त्यांच्यातल्याच लोकांना ते सोसवेना आणि त्यांनी ते देवाच्या दयेवर सोपवलं. यहुदी लोकांत महिन्याच्या आत गेलेल्यासाठी रीतसर शोकच पाळत नसत. तेही आता पाळू लागले. गुरुजी एकेक अट खोडायला नवं पुस्तक आणत होते, आणि नवं पुस्तक नवी अट घेऊन येत होतं. असे आठ महिने गेले. वही दीडशे पानांच्या पुढं गेली. पत्राचा कागद आशीर्वादापाशीच होता.

मध्ये दोनदा त्यांनी गोपिकाबाईंना फोन लावायला सांगितला. दोन्ही वेळा प्रांजलीनं आईशी दोन शब्द बोलून विचारलं होतं, बाबांनी पत्र टाकलं का. बाबा लिहून राह्यले, असं गोपिकाबाईंनी सांगितलं. ते खोटं नव्हतं.

आणि त्या दिवशी भर दुपारी संघपाल मोटारसायकलवर आला. गळीत हंगाम संपत आलेला, तो रात्रपाळी करून तसाच निघाला होता. अंगाला मळीचा वास येत होता. गोपिकाबाईंनी पाणी दिलं, त्यानं तांब्या हातातच धरून ठेवला.

"मामा, मी इथं आलोय हे तिला माहीत नाही," तो म्हणाला. "कळूही देऊ नका."

मग त्यानं तुटक तुटक सांगितलं. दिवाळीपासून ती रोज बाळाला पुरलं त्या जागेवर जाऊन बसायची. संक्रांतीपासून जेवण सुटल्यासारखं झालं. डॉक्टरकडं नेलं, गोळ्या दिल्या, ती त्या उशीखाली ठेवते. रोज बारा वाजता दारात येऊन उभी राहते, पोस्टमन पुढं गेला की आत जाऊन भिंतीकडं तोंड करून निजते. परवा सकाळी घरात नव्हती. कालव्याला पाणी सुटलंय. अप्पाराव शोधत गेले तर ती कालव्याच्या पायऱ्यांवर गुडघाभर पाण्यात उभी होती. किती वेळची, कुणास ठाऊक. हाताला धरून आणलं तर आली. आता चांगुणाबाई, म्हणजे त्याची आई, दारातच पोतं टाकून बसून असते.

गुरुजींना एका कानानं कमी ऐकू यायचं, पण यातलं एक अक्षर सुटलं नाही.

"मी विचारलं, पाण्यात कशाला गेली होतीस," संघपाल म्हणाला. "तर म्हणाली, बाबांनासुद्धा सापडत नाही म्हणजे त्याला कुठंच जागा नाही. मग त्याच्यासंगं कुणीतरी असायला पाहिजे."

गोपिकाबाई जावयासमोर येऊन बसल्या.

गुरुजी उठले. काय करावं ते न कळून त्यांनी कपाटातली वही काढली आणि जावयाच्या पुढ्यात ठेवली. आपण रिकामे बसलो नव्हतो, एवढं तरी त्याला कळावं. संघपालनं पानं उलटली. शिकलेला माणूस, त्याला सगळं वाचता येत होतं. रकाने, बारीक अक्षर, लाल शाईतल्या अटी. बराच वेळ तो वाचत होता. मग त्यानं वही मिटली.

"मामा, हे कॉलेजात द्या. खरंच चांगलं आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "तिला नका दाखवू. यातली एक अट जरी तिनं वाचली ना..."

गुरुजींनी वही मांडीवर ओढून घेतली. त्यांना म्हणायचं होतं की मला भीती वाटते, मला काहीच येत नाही, आयुष्यभर मी नुसता वाचत बसलो. पण घशाला नेहमीची कोरड पडली.

गोपिकाबाई वहीकडं बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण रकाने मोजता येत होते. त्यांनी विचारलं, इतके सगळे कोन कोन हायेत. गुरुजींनी धर्मांची नावं सांगितली.

"अन् आपलं?"

"हे पहिलं आपलंच की. शास्त्रात सांगितलंय ते."

"शास्त्रातलं न्हाई इचारून राह्यले मी. माज्या बापाच्या मेंढवाड्यातलं. ते लिवलं का?"

"त्याचं पुस्तक कुठं आहे, गोपिका."

"पुस्तक न्हाई," त्या म्हणाल्या, "पर खड्डा तर तुमीच खंदला व्हता."

संघपालनं वर पाहिलं. गुरुजींची मान खाली गेली. बेचाळीस वर्षांत या घरात ती गोष्ट कुणी काढली नव्हती. प्रांजलीच्या अकरा वर्षं आधी त्यांना एक मुलगा झाला होता. गोपिकाबाई तेव्हा माहेरी, बापाच्या मेंढरांसंगं परतूरकडच्या माळावर होत्या. नऊ दिवसांचं लेकरू तापानं गेलं. गुरुजी तेव्हा सव्वीस वर्षांचे, नुकते नोकरीला लागलेले. कुदळ त्यांनीच घेतली होती. मुरूम होता, हाताला फोड आले होते. फोड बसले, आणि त्याच महिन्यात ते पहिल्यांदा रद्दीच्या दुकानात गेले. आपण धर्मांची पुस्तकं का वाचतो, हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं, त्यांनीही स्वतःला विचारलं नव्हतं.

"माज्या बापानं काय म्हनलं व्हतं तवा?" गोपिकाबाई आता जावयाकडं बघून बोलत होत्या. "म्हनला, वाड्याच्या तोंडाशीच पुरा. मेंढरं सकाळ-सांज वरून जातील-येतील, लेकराला एकटं वाटायचं न्हाई. मेंढीचं दूध ओतलं वर पाच दिस. झालं. त्यानं नाव इचारलं न्हाई, का धरम इचारला न्हाई. अट न्हाई घातली कुनी. आपलं लेकरू, आपल्या कळपात राह्यलं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "मी सुग्रीव म्हनते त्याला. मनातल्या मनात."

गुरुजींना हे माहीत नव्हतं. एका छपराखाली बेचाळीस वर्षं ही बाई एका नावानं हाक मारत होती आणि भिंतीपलीकडं आपण पानं उलटत होतो.

गोपिकाबाई उठल्या. पिशवीत लुगडं आणि गूळ-शेंगांचं गाठोडं टाकलं. संघपालला म्हणाल्या, चला, मी येते, गावाच्या अलीकडं उतरवा, करमेना म्हनून एसटीनं आले म्हनीन. तो म्हणाला, मग मामांनी आत्ताच दोन ओळी लिहून द्याव्यात, घेऊन जाऊ. त्यावर त्यांनी मान हलवली.

"कागद हातात दिला तर म्हनंल, आईनं लिवून घेतला. ती डाकवाल्याची वाट बघून राह्यली ना, मंग डाकवाल्याच्याच हातून येऊ दे." आणि नवऱ्याकडं न बघता, चपला पायात सरकवता सरकवता म्हणाल्या, "आज टाका. लई वाचलं आता."

मोटारसायकल वळणावरून दिसेनाशी झाली. घरात गुरुजी एकटे राहिले. सव्वादोन वाजले होते. जालन्याची टपाल पिशवी चारला बंद होते, हे त्यांना माहीत होतं.

त्यांनी जुनाच कागद पुढं ओढला. आशीर्वादाखाली लिहू लागले आणि पाहतात तो काय, 'जगातील प्रमुख धर्मांचा विचार करता' असं वाक्य कागदावर उतरलं होतं. कागद फाडला. दुसऱ्यावर अर्धं पान जन्नतीविषयी झालं, त्यात अट लपवायचा प्रयत्न होता. मुलगी हुशार आहे, लपवलेलं तिला दिसेल. तोही फाडला. तीन वाजले. डोळ्यांपुढून कालव्याचं पाणी हलेना. आता चांगुणाबाईला डुलकी लागली असेल तर? पोस्टमन बारालाच पुढं गेला असेल. गुरुजी टेबलावर डोकं टेकून रडले, म्हाताऱ्या माणसाचं रडणं, आवाज नसलेलं. मग चष्मा पुसला आणि काही न पडताळता लिहायला लागले.

"चि. प्रांजली,

आठ महिने उत्तर दिलं नाही. विसरलो नव्हतो. रोज शोधत होतो. तू विचारलंस ते मला सापडलं नाही. प्रत्येक धर्मात लहान लेकराला उचलून आत घेणारी माणसं आहेत, आणि दारात उभं राहून चौकशी करणारीही आहेत. अमुक एक धर कसं सांगू? मला ठाऊक नाही. ठाऊक असल्यासारखं लिहिलं तर ती तुझी फसवणूक होईल.

मला ठाऊक आहे ते लिहितो. तुला एक भाऊ होता. तो नऊ दिवसांचा होऊन गेला. तुझ्या आजोबांच्या मेंढवाड्याच्या तोंडाशी मी त्याला माझ्या हातानं पुरलं. तुझी आई त्याला सुग्रीव म्हणते, हे मला आज कळलं. तू मला विचारलंस तेच मी तेव्हा विचारायला हवं होतं, तुझ्या आईला, तुझ्या आजोबांना. मी पुस्तकांना विचारत बसलो. तुझ्या बाबतीतही तेच केलं.

आणखी एक. नळावरच्या त्या बाईनं जे तोंडानं म्हटलं, ते चार वर्षांपूर्वी मी गप्प बसून म्हटलं होतं. तुझ्या लग्नाला मी आलो नाही. लेकराला पदरात कोण घेईल, हा प्रश्न तुला पडला त्यात माझा मोठा हात आहे. ते लेकरू माझं नातवंड आहे. हे मला तेव्हाच येऊन म्हणायला हवं होतं.

मी परवा येतो, शुक्रवारी. पहिल्या गाडीनं. मला ती जागा दाखव. मी एकटा शोधू शकणार नाही. मी येईपर्यंत तिथं जाऊ नकोस, आणि पाण्याकडं जाऊ नकोस. हे मी सांगत नाही, मागतो आहे. नावाचं आपण तिथं बसून ठरवू.

बाबा."

पाण्याविषयी लिहिलं म्हणजे संघपाल येऊन गेल्याचं तिला कळणार, हे त्यांच्या ध्यानात आलं. ते वाक्य खोडावं का? पेन त्यावर टेकवलंही. मग तसंच राहू दिलं. कळलं तर कळू दे.

पावणेचार झाले होते. लिफाफ्यावर पत्ता घालताना अक्षर वाकडं आलं. पायात चपला भलत्याच, एक बाहेरची, एक घरात वापरायची, हे त्यांना बाजार ओलांडताना कळलं. उन्हात धान्याच्या मोंढ्याकडून हरभऱ्याच्या गाड्या येत होत्या, त्यांच्यामधून ते वाट काढत गेले. वाटेत गोरक्षनाथ चहाच्या हॉटेलात बसलेले दिसले. त्यांनी हाक मारून विचारलं, भाऊ, एवढ्या घाईनं कुठं. गुरुजी थांबले. नेहमीसारखी मान खाली घालून पुढं जाता आलं असतं.

"प्रांजलीला पत्र टाकायला," ते म्हणाले. "परवा तिच्याकडं चाललोय." आणि उत्तराची वाट न बघता चालू लागले.

पोस्टात स्पीडपोस्टच्या खिडकीवर हरिओम होता, त्यांचाच जुना विद्यार्थी. पिशवीचं तोंड बांधायला घेतलेली दोरी त्याच्या हातात होती. गुरुजींनी लिफाफा पुढं केला आणि विचारलं, उद्या बाराच्या आत पोहोचेल का. तो म्हणाला, सर, उद्याचं सांगता येत नाही, जालन्यावरून अंबडची लाइन आहे, बहुतेक परवा. गुरुजींनी तोच प्रश्न पुन्हा विचारला, जणू दुसऱ्यांदा विचारल्यानं वेगळं उत्तर येईल. हरिओमनं त्यांच्या तोंडाकडं पाहिलं आणि दोरी खाली ठेवली. वजन केलं, चिठ्ठी चिकटवली.

"उघडं तर राहिलं नाही ना, सर? काही घालायचं राहिलंय का आत?"

राहिलं होतं. कितीतरी राहिलं होतं. गुरुजींचा हात लिफाफ्यावरच होता, बोटं सुटत नव्हती. हरिओमनं त्यांच्या हाताखालून लिफाफा हळूच ओढून घेतला, ठसा मारला, पिशवीत टाकला आणि दोरी आवळली.